'रेष' भाग ३ : खेळून झालाय त्यांनीच आत या (स्पॉयलर आहेत)

हरिपूररोड (धागाकर्ती), शनिवार, रात्री ९:४२

काल रात्री साडेअकराला भाग ३ उघडला, पावणेदोनला संपला. सकाळी सासूबाई म्हणाल्या, डोळे का सुजलेत? काय सांगणार? म्हटलं कांदा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. 'रेष' हा आपल्याच बाभूळबन यांचा गोष्टीचा गेम. ब्राउझरमध्ये उघडायचा, चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. खाली दोन-तीन ओळी असतात, त्यातली एक दाबायची की गोष्ट पुढं सरकते. आपण म्हणजे सांगलीच्या गावभागातल्या जुन्या दुमजली घरातला मधला मुलगा, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. घरात आई, बायको, पोरगी. भाग १ म्हणजे २००५ चा पूर. भाग २ मधली वर्षं, त्यात धाकटीचं लग्न. आणि कालचा भाग ३, ऑगस्ट २०१९.

मी सगळं नीट केलं होतं हो. फ्रिज विटांवर चढवला. वह्या, आईची ट्रंक, गव्हाचा डबा, सगळं जिन्यावर नेलं. २००५ ला पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं, तिथं भिंतीवर आपण स्वतः रेष मारलेली आहे. मी सामान नवव्या पायरीवर ठेवलं, म्हणजे दोन पायऱ्या जास्तीच्या. आई म्हणाली, "रेषेच्या वर येत नाही पाणी." मीही तेच दाबलं, "नाही येत."

तेराव्या पायरीपर्यंत आलं.

आणि ते फ्रिजचं वाक्य! "फ्रिज विटांवरून उठला आणि पाठीवर पडून स्वयंपाकघरभर फिरू लागला." आत आईचं इन्सुलिन. तिथं मी लॅपटॉप मिटून पाणी प्यायला उठले.

तुमचं काय झालं सांगा. माझी आई तिसऱ्या दिवशी बोटीतून निघाली, मिरजेला अ‍ॅडमिट. जगली. पण परत आल्यावर ती जिन्याकडं पाठ करून बसते, असं शेवटी लिहिलंय.

सांगलीवाडीचा_बंड्या, शनिवार, रात्री १०:०५

मम. सेम टू सेम. मी सामान अकराव्या पायरीवर ठेवलेलं, तरी गेलं. लईच लागलं राव. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोथरूडकर_नव्हे, शनिवार, रात्री १०:३१

लिखाण उत्तम, वाद नाही. पण गेम म्हणून मला हा भाग फसवा वाटला. मी तीनदा खेळलो. सामान वर ठेवा, खाली ठेवा, शेजाऱ्यांना हाक मारा, मारू नका, पाणी येतं ते तेराव्या पायरीलाच. आई अ‍ॅडमिट होतेच. मग मला पर्याय दिले कशाला? याला निवड म्हणत नाहीत, याला पानं उलटणं म्हणतात.

अजिंक्यतारा_खाली, शनिवार, रात्री ११:१८

साताऱ्यातून हजेरी. कोथरूडकरांशी निम्मा सहमत.

मी फॉलन लंडन बरीच वर्षं खेळतोय. तोही ब्राउझरवरचाच, २००९ पासून चालू आहे, बहुतेक मजकुरावरच. दर दहा मिनिटांना एक चाल मिळते, वीसपर्यंत साठतात, संपल्या की गप बसायचं. ज्यांनी खेळलाय त्यांना मिस्टर ईटनचं नाव शोधण्याची गोष्ट माहीत असेल. तिथं गेम पावलोपावली सांगतो की बाबा रे, यात काही मिळणार नाही, आहे तेही जाईल, मागं फिर. तरी लोक जातात आणि वर्षानुवर्षं जमवलेलं घालवून बसतात. पण तिथं रडायची सोय नाही, कारण सांगितलेलं असतं. इथं मला कुणी सांगितलं होतं? मी सरळ माणसासारखं सामान रेषेच्या वर ठेवलं. गेमनेच भाग १ मध्ये मला ती रेष मारायला लावली, आणि गेमनेच तिच्यावर विश्वास ठेवल्याची शिक्षा दिली. हा दगा झाला.

गावभाग_थोरली, रविवार, सकाळी ७:५०

अजिंक्यतारा, सांगितलं होतं की.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय होतं? "आयर्विन पूल : ३८ फूट." मग ३९. मग ४१. प्रत्येक पानाला तो आकडा बदलतोय. आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, नदीची पातळी तिथं मोजतात. ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तुम्ही साताऱ्याचे, तुमच्याकडं नदी खाली आणि तुम्ही वर, तुमच्या लक्षात नाही आलं ते ठीक.

पण खरं सांगू का, माझ्याही लक्षात नाही आलं. आणि माझं घर टिळक चौकापासून चालत पाच मिनिटांवर आहे. आकडा दिसत होता, वाचतही होते, आणि हात सामान नवव्या पायरीवर ठेवत होता. २०१९ ला हेच केलं होतं आम्ही. अगदी हेच. "२००५ ला उंबऱ्याच्या वर दोन हात होतं, त्याच्या वर काय येतंय." आमच्या गल्लीत ज्यांना २००५ आठवत होतं ते शेवटी निघाले. जे भाडेकरू नवीन आले होते, ज्यांना काही माहीत नव्हतं, ते घाबरून पहिल्या दिवशीच गेले. त्यांच्या बायका-पोरांना काही झालं नाही.

सेमीकोलन, रविवार, सकाळी ९:१५

हिशेब लावून बघितला. २००५ ला आयर्विनला ५३ च्या वर गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या वर. फरक धरा चार फूट. जुन्या घरातली पायरी आठ इंचाची धरली तर सहा पायऱ्या. सात अधिक सहा, तेरा. बाभूळबन, तुम्ही हे मोजून केलंय का हो? केलं असेल तर दंडवत.

सांगलीवाडीचा_बंड्या, रविवार, सकाळी ९:४०

आमच्या घरात सहा पायऱ्या चढायला जिनाच नव्हता भावा. पत्रा होता, त्याच्यावर बसलो.

कृष्णाकोयना, रविवार, सकाळी ११:०२

मुळात पाणी आलंच का ते बघा. कोयना १०५ टीएमसीचं धरण, ऑगस्टच्या तोंडाला भरत आलेलं, वरून पाऊस, मग सोडणं भाग. इकडून चांदोलीचं वारणेतून हरिपुरात, खाली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला, आणि त्याच्याही खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. या गेममध्ये अलमट्टीचा अ सुद्धा नाही. ज्यांनी पाणी अडवलं ते राहिले बाजूला आणि इथं आपण पायऱ्या मोजतोय! कर्नाटकाला

संपादक मंडळ, रविवार, सकाळी ११:२०

वरचा प्रतिसाद तेवढ्यावर थांबवला आहे. अलमट्टीवर या संकेतस्थळावर चार धागे आहेत, चारही कुलूपबंद, कारण सर्वांना ठाऊक आहे. पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा २०२० चा अहवाल वाचून ज्यांना भांडायचं असेल त्यांनी पाचवा काढावा. इथं फक्त गेमविषयी.

आबा_मिरज, रविवार, दुपारी १:१०

मला नातवानं फोनवर लावून दिलं, एक बोट दाबत खेळलो. दोन तास गेले, जेवण गार झालं.

कोथरूडकर म्हणतात शेवट ठरलेला असेल तर निवड कसली. त्यांना एक सांगावंसं वाटतं. आमच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, त्यात लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा, गोष्ट पुढं न्यायचा, आणि पात्रं आपापल्या तोंडचं भाषण तिथल्या तिथं करायची. रामायणातली गोष्ट सगळ्या प्रेक्षकांना पाठ. धनुष्य कोण मोडणार हे काय गुपित आहे? पण रावणाचं काम करणारा त्या रात्री काय बोलेल ते कुणालाच माहीत नसायचं, त्यालाही नसायचं. लोक त्यासाठी बसायचे. तसं पाणी तेराव्या पायरीलाच येणार, पण आईला तुम्ही काय म्हणालात ते तुमचं. मी "आई, ऊठ, वाद नको" दाबलं. तिनं ऐकलं नाही. पण मी म्हणालो होतो.

(अवांतर : इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवून माणूस वरच्या मजल्यावर जातो यात काही नवल नाही. आमची ही २००५ ला चष्मा खाली विसरून वर गेली होती. तीन दिवस मी तिला पेपर वाचून दाखवला, तोही जुना.)

कोथरूडकर_नव्हे, रविवार, दुपारी २:२५

आबा, उदाहरण सुंदर आहे, पण नटाला माहीत होतं की शेवट ठरलेला आहे. मला गेम सांगत होता की तुझ्या हातात आहे.

सेमीकोलन, रविवार, रात्री ८:४४

मंडळी, एक पाप केलंय. कबूल करतो.

हा गेम ट्वाइनमध्ये केलाय, म्हणजे असे गोष्टीचे गेम बनवायच्या साधनात. ट्वाइनचं सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये असतं, सोर्स उघडला की पानं न पानं वाचता येतात. दुपारी कंटाळा आला म्हणून उघडला. मला बघायचं होतं की कोथरूडकर म्हणतात तसं खरंच सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात का.

नाही जात.

भाग १ आठवा. पूर ओसरलाय, घरात गाळ, कपाटाचं प्लायवूड फुगून दार उघडत नाहीये, आणि आई म्हणते, "कुठवर आलं होतं तिथं खूण करून ठेव." खाली दोन पर्याय : "पोरीचा खडू घे" आणि "फाटकाचा उरलेला ऑइलपेंट घे." मी ऑइलपेंट घेतला. तुम्ही सगळ्यांनीही घेतला असणार, कारण तोच शहाण्या माणसाचा पर्याय वाटतो. टिकायला पाहिजे ना खूण.

खडू घेतला की आत एक व्हेरिएबल बदलतं आणि पुढं दोन भाग त्याचा मागमूस लागत नाही. फक्त भाग २ मध्ये लग्नाच्या आधी घराला डिस्टेंपर मारतात तेव्हा एक वाक्य जास्तीचं येतं : "जिन्याची भिंत आता कोरी झाली." बास. त्यानंतर भाग ३ ला वेगळाच रस्ता आहे, अकरा पानांचा. पुढचं मी वाचलंय पण सांगणार नाही. खेळून बघा.

हरिपूररोड, रविवार, रात्री ८:५१

काय????

अजिंक्यतारा_खाली, रविवार, रात्री ८:५८

सोर्स बघणं म्हणजे रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणं. निषेध. आणि आभार. पहिल्यापासून सुरू करतोय.

सांगलीवाडीचा_बंड्या, रविवार, रात्री ११:३६

खेळलो खडूवाला. सांगून टाकतो, ज्यांना नकोय त्यांनी डोळे मिटा.

रेष नाही. आई भिंतीकडं बघते आणि विचारते, "कुठवर आलं होतं रे तेव्हा?" पर्याय येतात : "सहावी पायरी", "सातवी", "आठवी असेल", "आठवत नाही". काही पण दाबा, आई म्हणते, "नक्की?" आणि वर कोपऱ्यात आयर्विन ४० दाखवतोय. आईला भरवसाच वाटत नाही. ती उठते, इन्सुलिन काढते, थर्मासात बर्फ घालते, त्यात ठेवते, आणि विश्रामबागला मामाकडं चला म्हणते. अंधार पडायच्या आत घर बंद. आई धडधाकट.

पण सामान सगळं गेलं. एक चमचा वर नेलेला नसतो. ऑइलपेंटला निदान दुसऱ्या मजल्यावर नेलेलं वाचलं होतं. इथं मालकाच्या वह्या पण गेल्या, आणि शेवटी मालक दारात येऊन नुसता उभा राहतो. काही बोलत नाही. ते पान वाचून मला वाटलं ऑइलपेंटच बरा होता.

गावभाग_थोरली, सोमवार, सकाळी ६:३५

वह्यांचं ते पान मीही वाचलं. हरिपुरातल्या पेवांची आठवण झाली. जमिनीखाली हळद साठवायची पेवं, पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिलेली, म्हणून लोक निर्धास्त. २००५ ला पाणी शिरलं आणि गेली. जे कधी झालं नाही ते होणार नाही, यावरच आपला सगळा व्यापार चालतो.

कोथरूडकर_नव्हे, सोमवार, सकाळी १०:१२

माझा आक्षेप अर्धा मागे. निवड होती, फक्त मला दिसेल अशा जागी नव्हती. तरीही तक्रार आहेच : खडू का ऑइलपेंट हे ठरवताना त्याचा काय परिणाम होईल याची काडीइतकी कल्पना खेळाडूला नाही. चौदा वर्षांनी फुटणारा पर्याय हा न्याय नव्हे, लॉटरी आहे.

अजिंक्यतारा_खाली, सोमवार, सकाळी १०:४०

मी काल रात्री दोन्ही रस्ते पुरे केले. "दगा" हा शब्द मागे घेतो. पण एक गोष्ट खटकतेच. खडूवाल्या रस्त्यात आई जास्त शहाणी होते. ऑइलपेंटमध्ये तीच बाई हट्टी. माणूस तोच, मग स्वभाव कसा बदलतो?

आबा_मिरज, सोमवार, दुपारी १२:०५

स्वभाव नाही बदलत. एकीला माहिती आहे आणि एकीला नाही. माहिती असलेला माणूस जास्त हट्टी असतो, हे मी माझ्यावरून सांगतो.

बाभूळबन, सोमवार, रात्री १०:२०

सगळं वाचतोय, उत्तर द्यायला उशीर झाला. दिवसा नोकरी, रात्री नेट. सेमीकोलन, तुमचा कान पिळायला हवा. पण पायऱ्यांचा हिशेब बरोबर लावलात.

लॉटरी आहे का? असेल. मी ते पान लिहिताना न्यायाचा विचार केला नव्हता. आमच्या घरात २००५ ला फाटकाचा उरलेला तांबडा ऑइलपेंट होता, तो वडिलांनी काढला आणि रेष मारली, खाली तारीख घातली. पाहुणे आले की त्यांना दाखवायचे. २०१९ ला दर तासाला ग्रुपवर आयर्विनचा आकडा यायचा. मी तो वाचायचो, मोठ्यानं वाचून दाखवायचो, आणि मग आम्ही सगळे जिन्याकडं बघायचो. पाणी चौथ्या पायरीवर होतं तेव्हा आकडा ५१ होता. ५१ म्हणजे किती, हे मला तेव्हा कळलं नाही. रेष कळत होती.

वरच्या कोपऱ्यातला आकडा म्हणूनच बारीक ठेवलाय. दोन जणांनी तो मोठा करा, लाल करा असं सुचवलं. करणार नाही.

गेममधली आई माझी आई नाही, एवढंच सांगतो. २०१९ च्या पुरात उलटलेली ब्रह्मनाळची बोट मुद्दाम घेतलेली नाही, तिथं माझा हात चालला नाही आणि चालू नये.

भाग ४ होईल. २०२१. जुलैमध्येच आलं, ५४-५५ पर्यंत. म्हणजे रेष एक, तीही चुकीची, आणि लोकांच्या डोक्यात आता ५७. त्यावर काय लिहायचं ते अजून सापडलेलं नाही.

एक तांत्रिक : खेळ ब्राउझरमध्येच साठतो. इनकॉग्निटोमध्ये खेळलात किंवा ब्राउझरमधला साठवलेला डेटा पुसलात की २००५ पासून पुन्हा. तिघांचे संदेश आलेत, त्यांना नाइलाज आहे.

सेमीकोलन, सोमवार, रात्री १०:३१

कान हजर आहे. आणि जुन्या अँड्रॉइड फोनवर 'कऱ्हाड' मधला ऱ्हा फुटतोय, चौकोन दिसतो. भाग ३, सातवं पान.

बाभूळबन, सोमवार, रात्री १०:५५

दुरुस्त केलं. आता बघा.

सेमीकोलन, सोमवार, रात्री ११:०१

ऱ्हा आला. बाकी कृष्णाकोयनांना सांगू नका, पण खडूवाल्या रस्त्यात मामाच्या टीव्हीवर अलमट्टीची बातमी लागलेली आहे.

कृष्णाकोयना, सोमवार, रात्री ११:०४

वाचतोय मी. वाचनखूण साठवली.

हरिपूररोड, मंगळवार, संध्याकाळी ७:१५

दोन दिवस इकडं फिरकले नाही. आज माहेरी गेले होते, हरिपूर रोडलाच. जिन्याखाली बघितलं. आमच्याकडं २००५ ची रेष दादानं खिळ्यानं कोरली होती, ती आहे. २०१९ ची कुणी काढलीच नाही. आईला विचारलं तर म्हणाली, तिथं आता कॅलेंडर लावायचंय.

घरी आल्यावर पहिल्यापासून सुरू केला. खडू घेतला. लग्न झालं, डिस्टेंपर झाला, भिंत कोरी. आयर्विन ४०. आई विचारतेय, "कुठवर आलं होतं रे तेव्हा?" चार पर्याय समोर आहेत. बंड्यानं सांगितलंय काही पण दाबलं तरी चालतं, तरी अर्धा तास झाला, माझ्याच्यानं दाबवत नाहीये. सातवी मला माहितीये. ती सांगायची की नाही?

टॅब उघडाच ठेवलाय. भाकरी टाकायच्यात.